वर्दी देणारासच दंड काय?

गावात चोरी झाली आणि शेजाऱ्याने धावत जाऊन चौकीवर वर्दी दिली, तर त्या शेजाऱ्यासच कोठडीत घालणारा फौजदार कोणत्याही सुधारलेल्या राज्यात एक दिवसही नोकरीवर टिकावयाचा नाही. वर्दी देणारास अभय असावे, हे फौजदारी न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व होय. कारण ते अभय नसेल तर दुसऱ्या खेपेस वर्दी देण्यास कोणी पुढे येणार नाही, आणि त्यात लाभ होईल तो केवळ चोराचा. परंतु जे तत्त्व खेड्यातील पाटलासही समजते, ते राष्ट्रांच्या दरबारात अद्याप रुजलेले नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या एका नव्या प्रकाराची वर्दी जागतिक आरोग्य संघटनेस दिली. पुढे ‘ओमिक्रॉन’ ह्या नावाने ओळखला गेला तोच हा प्रकार. तेथील शास्त्रज्ञांनी विषाणूची तपासणी तत्परतेने केली आणि हाती आलेली माहिती दडवून न ठेवता जगापुढे मांडली. ह्या प्रामाणिकपणाचे बक्षीस काय मिळाले? दोन-चार दिवसांच्या आत इंग्लंड, युरोपातील राष्ट्रे व अमेरिका ह्यांनी दक्षिण आफ्रिकेकडून येणारी विमाने व उतारू ह्यांस आपली दारे बंद केली. पुढे चौकशीअंती असे निघाले की, ही वर्दी येण्यापूर्वी घेतलेल्या हॉलंडमधील नमुन्यांतही तोच विषाणू होता. अर्थात ज्याच्या घरात रोग होता पण ज्याने तपासले नव्हते तो साव ठरला, आणि ज्याने तपासून खरे सांगितले तो चोर ठरला!

हा प्रकार एखाद्या मंत्र्याच्या घाबरटपणाने घडला असता तर त्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांतील राष्ट्राराष्ट्रांच्या आरोग्यविषयक व्यवहाराकडे पाहिले म्हणजे हाच धडा पुनः पुनः गिरविलेला दिसतो. रोगाची वर्दी देण्याचे कर्तव्य ज्यांवर लादले जाते, त्यांस त्या वर्दीचा तोटा सोसावा लागतो. आणि त्या वर्दीवरून व त्या नमुन्यांवरून जे औषध तयार होते, ते ज्यांच्या तिजोरीत पैसा आहे त्यांच्या दारी प्रथम जाते. एकावर कायद्याचे बंधन आणि दुसऱ्याकडून केवळ दयेची अपेक्षा, अशा व्यवहारास सहकार्य हे नाव शोभत नाही. आजच्या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

राष्ट्रांची पहिली आरोग्य-परिषद १८५१ साली पॅरिस येथे भरली. बारा राज्यांनी आपले प्रतिनिधी धाडले होते, आणि प्रत्येक राज्याकडून एक वैद्य व एक राजकारणी असे दोघेजण बसावे असा नियम होता. ही जोडीच ह्या विषयाचे सारे मर्म सांगते. वैद्याने रोगाचे कारण शोधावे आणि राजकारण्याने ते कारण आपल्या देशाच्या व्यापारास परवडते की नाही हे पाहावे! पटकी कशाने पसरते ह्यावरच एकमत होईना, आणि सहा महिन्यांच्या खलानंतरही कायम टिकेल असा करार झाला नाही. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे परिषद भरली, तीत पटकीचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे ठरविण्यात आले. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, तेव्हा त्यातून जाणारी जहाजे बहुतांशी इंग्रजांची; प्रत्येक जहाज क्वारंटाइनात अडकून पडणे म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांच्या खिशास चाट. म्हणून हिंदुस्थान सरकारचे आरोग्याधिकारी वर्षानुवर्षे हेच प्रतिपादीत राहिले की, पटकी माणसाकडून माणसाकडे जातच नाही. १८८४ साली डॉक्टर कॉख ह्यांनी कलकत्त्यास पटकीचे जंतू दाखवून दिले, तरी त्यांचा शोध खोडून काढण्यासाठी इंग्रज सरकारने आपली स्वतंत्र समिती पाठविली. शास्त्र हे सत्तेच्या पदरी चाकरीस राहिले म्हणजे त्याची जीभ कशी वळते, ह्याचा ह्याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही.

ह्या राजकारणाची झळ आमच्या घरापर्यंत कशी आली ते मुंबईकरांस व पुणेकरांस सांगावयास नको. तरी नव्या पिढीसाठी ते सांगितले पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, बंदराला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, प्रथम ओळखला. मुंबईत प्लेग आहे असे उघड म्हणणे म्हणजे बंदरावर बहिष्कार ओढवून घेणे होय, हे त्या काळच्या प्रत्येक पेढीवाल्यास ठाऊक होते. असे असता एका खासगी वैद्याने खरे ते सांगितले, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे पडसाद थेट युरोपात उमटले. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगाचा विचार करण्यासाठी राष्ट्रांची परिषद बसली. मुंबईचे जहाज आपल्या किनाऱ्यास लागू द्यावे की नाही, हाजी लोकांस मक्केस जाऊ द्यावे की नाही, हा तिच्यापुढील प्रश्न होता. मुंबईतील रोग्यास अंथरूण व औषध कसे मिळेल, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. ज्यांच्या घरात माणसे मरत होती त्या हिंदी लोकांस त्या परिषदेत स्वतःचा असा आवाज नव्हता. त्यांच्या वतीने बोलणारे होते ते त्यांचे राज्यकर्ते.

ह्याच दडपणाखाली ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघी चार कलमे! सरकारास वाटेल तो हुकूम काढण्याचा अधिकार, तो मोडणारास शिक्षा, आणि सद्‌बुद्धीने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाही असे शेवटचे अभयपत्र. रोग्याचा हक्क म्हणून त्यात एक अक्षर नाही. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात सोजिरांनी घरांत शिरून जी तपासणी केली तिने लोक किती संतापले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्या संतापाचा शेवट कशात झाला, हे इतिहासास ठाऊक आहे. युरोपास दाखविण्यासाठी केलेला बंदोबस्त आणि रोग्यासाठी केलेली शुश्रूषा ह्यांतील भेद पाहावयाचा असेल तर ह्याच दिवसांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. व्हेनिस येथील परिषदेचे काम चालू असतानाच, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनी देह ठेविला. परिषदेतील मुत्सद्दी बंदरे राखीत होते आणि ही वृद्ध स्त्री माणसे राखीत होती. सार्वजनिक आरोग्याचे खरे शास्त्र दोहोंपैकी कोणाजवळ होते, हे वाचकांनीच ठरवावे. ह्या रोगाने पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

येथे कोणी म्हणेल की, ही साम्राज्यशाहीची कहाणी झाली. आता राष्ट्रे स्वतंत्र आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनाही आहे. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्यास योग्य ते श्रेय दिलेच पाहिजे. ७ एप्रिल १९४८ रोजी ह्या संघटनेची घटना अमलात आली. हिंदुस्थान तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक असून १९५० साली तिच्या महासभेचे अध्यक्षपद राजकुमारी अमृत कौर ह्यांनी भूषविले. सहकार्य खऱ्या अर्थाने झाले तर त्यापासून काय निष्पन्न होते, ह्याचा पुरावा म्हणजे देवीचे निर्मूलन. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९५८ साली, रशियाच्या विक्टर झ्दानोव्ह ह्यांनी देवीचा रोग जगातून नाहीसा करण्याचा ठराव मांडला. १९६७ पासून त्या मोहिमेचे नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन ह्या अमेरिकन वैद्याने केले. लस बव्हंशी रशियाने दिली, टोचण्याची दुतोंडी सुई अमेरिकेतून आली, आणि घरोघर फिरण्याचे काम हिंदुस्थान, बांगलादेश, इथिओपिया अशा देशांतील गरीब सेवकांनी केले. १९७४ साली आपल्या देशात ह्या रोगाचे एक लक्षाहून अधिक रोगी नोंदले गेले होते; पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, शेवटचा रोगी आढळला, आणि मे १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. परस्परांवर अणुबाँब रोखून बसलेली दोन राष्ट्रे एका रोगापुरती एक होऊ शकतात, तर इतर प्रसंगी सहकार्य अशक्य आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणासही उरत नाही.

मात्र वर्दी देणारास दंड करण्याची जुनी खोड स्वातंत्र्यानेही गेली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेस प्लेगाचा उद्भव झाला. मृत्यू शंभराच्या आतच होते. परंतु कित्येक देशांनी आपली विमाने बंद केली आणि हिंदी मालास मज्जाव केला. प्रवास किंवा व्यापार बंद करण्याची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तिचे ऐकणार कोण? आमच्या व्यापारी वाचकांपैकी ज्यांच्या हुंड्या त्या महिन्यात अडकल्या त्यांस त्याची आठवण असेलच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ साली संमत होऊन जून २००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे, भयंकर रोगाची चाहूल लागून तिची छाननी झाली की चोवीस तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेस वर्दी देणे प्रत्येक राष्ट्रावर बंधनकारक आहे. ह्याच नियमांच्या ४३ व्या कलमात असेही आहे की, व्यापार व प्रवास ह्यांत विशेष अडथळा आणणाऱ्या राष्ट्राने त्याची शास्त्रीय कारणे दिली पाहिजेत. कागदावर हा तराजू समतोल दिसतो. परंतु वकिलीचा व्यवसाय केलेला कोणीही मनुष्य पहिला प्रश्न हाच विचारील की, हुकूमनाम्याची बजावणी कोण करणार? वर्दी न देणाऱ्या दुर्बळ राष्ट्रास लोकापवादाचा व कर्ज बंद होण्याचा धाक आहे. कारण न दाखविता दारे लावणाऱ्या बलिष्ठ राष्ट्राविरुद्ध मात्र दरखास्त लावण्यास कोर्टच नाही. २०२१ साली दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने जागतिक आरोग्य संघटना बोलली, परंतु तिच्या बोलण्याने एकही विमान सुटले नाही.

ह्या एकतर्फी व्यवहाराविरुद्ध पहिला उघड बंडाचा झेंडा इंडोनेशियाने उभारला. त्या देशात कोंबड्यांच्या ज्वराचे विषाणू माणसांस मारू लागले होते. नियमाप्रमाणे तेथील नमुने परदेशी प्रयोगशाळांकडे जात. ह्याच नमुन्यांवरून एक परदेशी कंपनी लस तयार करीत आहे, आणि ती लस आपणांस परवडेल अशी खात्री नाही, असे दिसून येताच तेथील आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी ह्यांनी २००७ साली नमुने देणे बंद केले. पाश्चात्य पत्रांनी त्यांवर टीकेची झोड उठविली. साऱ्या जगाचा जीव धोक्यात घालणे योग्य नव्हते हे आम्हीही मान्य करतो. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा होता काय? माझ्या शेतातील बी नेऊन तुम्ही पीक काढणार आणि तेच पीक मला बाजारभावाने विकणार, हा न्याय कोणता? चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती अशी योजना ठरली की, नमुने मिळविणाऱ्या कारखानदारांनी लशीचा काही भाग किंवा अन्य मोबदला जगाच्या कामासाठी द्यावा. जे विनंतीने मिळाले नव्हते ते अडवणुकीने मिळाले. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण राष्ट्रांच्या बाबतीत किती खरी आहे आणि दुर्बळासही आपले बळ शोधता येते, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

परंतु ती योजना एकाच रोगापुरती होती, आणि कोरोना आला तेव्हा पुनः पहिले पाढे पंचावन्न झाले. विषाणूची माहिती साऱ्या जगाने मुक्तहस्ते दिली. लस मात्र श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट आगाऊ राखून ठेविली. २ ऑक्टोबर २०२० रोजी हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका ह्यांनी जागतिक व्यापार संघटनेत असा प्रस्ताव आणला की, ह्या संकटापुरते पेटंटांचे हक्क तहकूब ठेवावे. निकाल लागला जून २०२२ मध्ये, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री मिळाली. आणि तीही केवळ लशीपुरती व नाना अटींनी जखडलेली.

पेटंट नसेल तर संशोधनास कोण पैसा घालील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. संशोधकास मेहनताना मिळालाच पाहिजे, ह्याविषयी आमचा वाद नाही. परंतु कोरोनाच्या लशींमागे सरकारी तिजोऱ्यांतील पैसाही कोट्यवधींनी ओतला गेला होता, हे विसरून चालावयाचे नाही. भांडवल लोकांचे आणि मालकी एकट्या कारखानदाराची, ही कोणत्या भागीदारीची रीत झाली? शिवाय एड्‌सच्या औषधांचा अनुभव ताजा आहे. त्या औषधांस रोग्यामागे वर्षाला दहा ते बारा हजार डॉलर पडत असता, मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली. हे शक्य झाले ते १९७० च्या आमच्या पेटंट कायद्यामुळे; त्या कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर ते करण्याच्या कृतीवरच मक्ता दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोहा येथील घोषणेने लोकांचे आरोग्य राखण्यासाठी सक्तीचा परवाना देण्याचा राष्ट्रांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य झाला. दोहा येथे युक्तिवाद पुष्कळ झाले असतील, परंतु त्या युक्तिवादांच्या पाठीशी चालू कारखाना होता म्हणून त्यांस वजन आले. स्वदेशी कारखाना हा परराष्ट्रीय वाटाघाटीतील सर्वांत बिनतोड मुद्दा होय.

इतरांचे दोष दाखविणाऱ्याने आपल्या पदराखालीही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२१ पासून आपल्या देशाने शेजाऱ्यांस व दूरच्या राष्ट्रांस लस पाठविण्यास आरंभ केला. काही महिन्यांत साडेसहा कोटींच्या आसपास मात्रा बाहेर गेल्या आणि त्याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटला. परंतु एप्रिलात घरात आग लागताच ही निर्यात थांबली व सुमारे सहा महिने थांबलीच. आपली माणसे प्राणवायूवाचून तडफडत असता सरकारने दुसरे काय करावे, हे आम्ही समजू शकतो. परंतु पुण्याच्या लशीवर भरवसा ठेवून बसलेल्या आफ्रिकेतील वैद्यास ते कसे वाटले असेल, हेही समजून घेतले पाहिजे. वाटणीचा नियम आगाऊ ठरलेला नसला म्हणजे सज्जनही संकटकाळी आपलीच कवाडे लावून घेतो, हा ह्या प्रसंगाचा बोध होय. म्हणून नियम हवा, आणि तो आम्हांसही बांधणारा हवा.

असा नियम करण्याची संधी आली आहे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य महासभेने महासाथीविषयीचा करार संमत केला. समितीतील मतदानात १२४ राष्ट्रे अनुकूल, प्रतिकूल एकही नाही, आणि ११ तटस्थ. नमुने व त्यांचे लाभ ह्यांच्या वाटणीत सामील होणाऱ्या कारखानदारांनी महासाथीच्या काळात आपल्या उत्पादनाचा वीस टक्के भाग उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट त्यात असून त्यांपैकी निदान दहा टक्के फुकट व बाकीचा परवडेल अशा किमतीस द्यावयाचा आहे. परंतु खरी मेख अशी की, ह्या वाटणीची सविस्तर कलमे करारात न घालता मागाहून व्हावयाच्या परिशिष्टावर सोपविण्यात आली, आणि ते परिशिष्ट संमत झाल्यावाचून करार सह्यांसाठी खुला व्हावयाचा नाही. खरेदीखत लिहून तयार, पण किंमत आणि ताबा ह्यांचे रकाने कोरे! असल्या दस्तावर कोणता शहाणा व्यापारी सही करील? उलट, ते रकाने कोणत्या शब्दांनी भरतात ह्यावरच त्या दस्ताची सारी किंमत अवलंबून आहे.

ह्याच सुमारास अमेरिकेने संघटनेचा त्याग केला. २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या हुकुमाची वर्षाची मुदत २२ जानेवारी २०२६ रोजी भरली. कोणा एकाच्या जाण्याने संघटना बुडते असे नाही. रशियाही १९४९ साली रुसून निघून गेला होता आणि काही वर्षांनी परतला, व परतल्यावरच त्याने देवीचा तो ठराव मांडला. परंतु संघटनेचा संसार सभासदांच्या नेमस्त वर्गणीवर न चालता दात्यांच्या मर्जीवर चालला, तर काय होते हे ह्या प्रसंगाने उघड झाले. एक काळ असा आला होता की, नेमस्त वर्गणीचा हिस्सा तिच्या खर्चाच्या एक-पंचमांशाहूनही कमी उरला होता. तो निम्म्यावर नेण्याचे २०२२ साली ठरले आहे. ज्याच्या पैशाने दिवा जळतो त्याच्याच घरात उजेड पडतो. तेव्हा ज्यांस बरोबरीचा मान हवा त्यांनी बरोबरीची वर्गणीही भरावी, आणि त्यात आपल्या देशाने मागे राहू नये.

तात्पर्य, आमच्या प्रतिनिधींनी तीन गोष्टींवर अढळ राहावे. पहिली ही की, रोगाची वर्दी प्रामाणिकपणे देणाऱ्या राष्ट्राचा व्यापार विनाकारण बंद पाडला गेल्यास त्याची नुकसानी भरून देण्याची काही तरी सामाईक तजवीज असावी. दुसरी, नमुना देणे आणि औषध मिळणे ही एकाच करारातील परस्परावलंबी कलमे असावी. पहिले बंधनकारक आणि दुसरे ऐच्छिक, हे चालावयाचे नाही. तिसरी, जो नियम आम्ही जगास मागतो तो आम्ही स्वतः पाळण्याचे वचन द्यावे.

आणि ह्या मागण्यांस वजन यावयाचे तर घरची तयारी हवी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ती मुदत गेली, उद्दिष्ट गाठले गेले नाही. १९९४ च्या प्लेगानंतर सुरतेच्या नगरपालिकेने दोन वर्षांत शहराचा कचरा हालवून ते देशातील अत्यंत स्वच्छ शहरांत आणून बसविले, त्यासाठी कोणत्याही परिषदेची परवानगी लागली नव्हती. आपापल्या गावची नगरपालिका जन्ममृत्यूची व साथीची नोंद खरी ठेवते काय, हे विचारण्याचे काम आपले आहे. बाजार बंद पडेल ह्या भीतीने पेठेतील पहिला रोगी लपविणारा व्यापारी आणि ओमिक्रॉनची वर्दी ऐकून दारे लावणारे साम्राज्य, ही एकाच भीतीची दोन रूपे होत. मांडवीच्या त्या वैद्याने ज्या धैर्याने खरे सांगितले ते धैर्य आमच्या पेठांत असेल, तरच जगाच्या दरबारात ‘वर्दी देणारास अभय द्या’ असे आम्हांस ताठ मानेने म्हणता येईल.